दुपारी दोनला बंद, रात्री अकराला सुरळीत: मॉड काढण्याआधी आणि फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

एप्रिल लागला की मला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, फोन कुठूनही येवो, बोलणं तेच असतं. "गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत लॅपटॉप खटकन बंद होतो. रात्री मात्र चालतो. कोणता मॉड खराब असेल?" मॉड म्हणजे मूळ गेममध्ये वरून टाकलेली जोड, नवी गाडी, नवा नकाशा वगैरे.

माझा भाचा अमळनेरजवळच्या गावात राहतो. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा ट्रक चालवण्याचा गेम म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यात एसटीची लाल बस आणि भारतातल्या रस्त्यांचा नकाशा असे दोन मॉड टाकलेले. सलग दोन वर्षं उन्हाळ्यात त्याचा लॅपटॉप बंद पडायला लागला आणि दोन्ही वर्षी दोष मॉडला गेला. एका दुकानात नेला, तिथे फॉरमॅट मारून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅट. त्यात त्याच्या गेमची सगळी प्रगती पुसली गेली: गॅरेज, ड्रायव्हर, रात्र-रात्र जागून उभी केलेली कंपनी. कोणी त्याला साधं विचारलंही नाही की डॉक्युमेंट्समधलं काही ठेवायचंय का. तिसऱ्या वर्षी त्याचा फोन आला, "मामा, परत बंद पडी गया!" तेव्हा मी त्याला म्हटलं, कशालाही हात लावू नको, मी येतो.

फॉरमॅट हा या दुखण्यावरचा उपाय नाही. दोन-चार दिवस बरं वाटतं, कारण नवीन विंडोजवर मागे चालणारे प्रोग्राम कमी असतात. म्हणून आधी दोनच गोष्टी लिहून काढा: मशीन कसं बंद पडलं आणि किती वाजता. अर्धं निदान त्यातच होतं.

गेमची खिडकी एकदम गायब झाली, पण डेस्कटॉप समोर आहे, मागे लावलेलं गाणं चालूच आहे, तर भानगड गेमची किंवा मॉडची. आधी गेम रखडायला लागतो, स्टिअरिंग उशिरा वळतं, पंखा घोंघावतो आणि मग सगळं मशीन काळं होतं, तर ती उष्णता. कसलीही पूर्वसूचना न देता डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, त्याच क्षणी ट्यूबलाइट मिचकावते, तर ती वीज. निळी स्क्रीन येत असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी जोडणारा प्रोग्राम) किंवा रॅम. तो वेगळा विषय आहे, इथे घेत नाही.

आठवणीवर विसंबायचं नसेल तर विंडोजची स्वतःची डायरी आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतील. फुलीखाली गेमचं नाव असेल तर गेम पडला. 'विंडोज वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाऊन' असेल तर मशीनच गेलं. काहीजण पुढे जाऊन इव्हेंट व्ह्यूअर उघडतात आणि तिथली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून घाबरतात, पॉवर सप्लाय जळाला म्हणून नवा आणतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. उष्णतेने गेलं तरी ४१, लाईट गेली तरी ४१, तुम्ही बटण दाबून धरलंत तरी ४१.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये फुल्या होत्या एकोणीस. गेमच्या नावाची एक. बाकी अठरा दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान, मशीन गेल्याच्या. मॉड काही घड्याळ बघून बिघडत नाही.

मग तापमान बघितलं. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्या, सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा. त्यात सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर) आणि ग्राफिक्स कार्डाचं सध्याचं आणि सगळ्यात जास्त गेलेलं तापमान दिसतं. बहुतेक अलीकडच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीची मॉडेलप्रमाणे साधारण ९० ते १०५. त्या मर्यादेला टेकला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. गेम रखडतो तो इथे. वेग कमी करूनही उष्णता बाहेर जात नसेल तर मशीन स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे बंद पडणं हा बिघाड नाही, ते त्याचं संरक्षण आहे.

दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत ३९ अंश होते. गेम लावला, सहाव्या मिनिटाला सीपीयू १०० वर. सेकंदाला साठ फ्रेम (चित्रं) दिसायच्या, त्या बावीसवर आल्या. अकराव्या मिनिटाला काळी स्क्रीन. रात्री अकराला तोच लॅपटॉप, तोच गेम, तीच लाल बस, खोलीत ३१ अंश. सीपीयू ९२ वर जाऊन थांबला आणि तास-दीड तास चालला.

या दोन आकड्यांत सगळं उत्तर आहे. पंखा आणि तांब्याची नळी मिळून सीपीयूला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीच्या वर किती अंश, एवढंच त्यांच्या हातात असतं. इथे ते ६१ होते: ३१ अधिक ६१ म्हणजे ९२, आणि ३९ अधिक ६१ म्हणजे थेट शंभर. पुण्यातल्या मित्राचा तसाच लॅपटॉप दुपारीही चालतो तो याच हिशेबाने. ॲपलने आयफोन आणि मॅकबुक वापरण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगितलंय. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. तेव्हा हवामान बदलता येत नाही म्हणून मधला ६१ चा आकडा खाली आणायचा. तो साफ केलेल्या मशीनमध्ये इतका नसतोच मुळी. मग वाढला कशाने?

कापसाने.

बहिणीच्या घरात पुढची खोली दिवाळीपासून कापसाने भरलेली असते. भाव वाढेल म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, कापूस घरातच. खान्देशात हे कुणाला सांगायला नको. त्या दिवसांत अंगाला खाज सुटते, पांघरुणावर, भांड्यांवर, सगळीकडे तंतू. लॅपटॉप त्याच्या शेजारच्या खोलीत, गोधडीवर ठेवून चालवलेला. पंखा खालून हवा ओढतो, हवेबरोबर तंतू आत जातात. साधी धूळ पंख्यापुढच्या तांब्याच्या पात्यांच्या फटींतून बरीचशी बाहेर निघून जाते. कापसाचा तंतू लांब असतो, तो अडकतो, त्यावर दुसरा अडकतो, त्यावर धूळ बसते. थंडीत खोलीत अठरा-वीस अंश असतात म्हणून कुणाला काही कळत नाही. दुखणं जडतं हिवाळ्यात, दिसतं उन्हाळ्यात. दरवर्षी एप्रिलमध्येच तक्रार का, त्याचं कारण हे.

मी खालचं झाकण उघडलं तेव्हा वरवर पंखा स्वच्छ दिसत होता. बहिणीने तर ब्लोअर मारून आणला होता. पण पंखा काढल्यावर त्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पातळ पात्यांना चिकटून, करंगळीएवढ्या रुंदीची राखाडी पट्टी होती. चिमटीत धरली तर अखंड निघाली, दिव्याच्या वातीसारखी वळलेली, जाड आणि मऊ. उजेडासमोर धरली तर पलीकडचं काही दिसेना. एवढ्या बुचातून गरम हवा जाणार कुठून? बाहेरून ब्लोअर मारला की ही पट्टी निघत नाही, उलट दाबून बसते. म्हणून 'साफ करून आणलाय' यावर विश्वास ठेवू नका, 'पंखा काढून साफ केला का' असं विचारा.

स्वतः करायचं असेल तर वॉरंटी संपली आहे ना ते आधी बघा. चालू असेल तर अधिकृत केंद्रातच द्या. मशीन बंद करा, चार्जर काढा, झाकणाचे स्क्रू काढताना ते कागदावर जसे होते तसेच मांडा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर वरचं प्लास्टिक फोडतो. झाकणाच्या कडा जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. उघडल्यावर सगळ्यात पहिलं काम म्हणजे बॅटरीचं कनेक्टर काढणं. नंतर पंख्याचं कनेक्टर, तेही वायरीला धरून ओढायचं नाही, प्लास्टिकच्या टोकाला धरून. पंखा दोन-चार स्क्रूंवर असतो. पट्टी चिमट्याने उचला, पात्यांवरून रंगाचा कोरडा मऊ ब्रश फिरवा. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोराच्या हवेने पंखा भरमसाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, दरवर्षी बदलायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी पंखा साफ करा, तापमान बघा. तरीही आकडा उतरला नाही, मशीन चार-पाच वर्षांचं असलं, तर पेस्टकडे वळा. तांब्याच्या पट्टीवरच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट क्रमाने, लावताना सुलट क्रमाने, आणि प्रत्येक थोडा-थोडा फिरवत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. शेजारच्या चिप्सवर रबरासारखे थर्मल पॅड असतील तर ते तसेच राहू द्या. ते फेकून त्या जागी पेस्ट लावली तर मधे फट राहते आणि ती चिप तापते.

भाच्याच्या लॅपटॉपला पेस्ट लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीत तेच ३९, सीपीयू ८३ वर थांबला. ६१ चे ४४ झाले. बहिणीने ती वात एका पुडीत बांधून ठेवली, शेजाऱ्यांना दाखवायला.

आता खोलीबद्दल. पत्र्याच्या खोलीपेक्षा जुन्या धाब्याच्या घरातली आतली खोली दुपारी बरीच थंड असते. घरात अजून तशी खोली असेल तर गेमचं टेबल तिथे हलवा, हा फुकटचा उपाय आहे. कूलरही चांगलाच, आपल्या कोरड्या हवेत तो खोलीचं तापमान खूप खाली आणतो. पण मशीन त्याच्या झोतात ठेवू नका. जाळीतून बारीक तुषार उडतात, बोअरच्या पाण्यातला क्षार आत बसतो, ओलसर हवेत धूळ घट्ट चिकटते. कूलर एका बाजूला, मशीन दुसऱ्या बाजूला, आणि खिडकी किंवा दार थोडं उघडं. सगळं बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोली नुसती दमट होते. लॅपटॉप गोधडीवर, गादीवर कधीच नको. लाकडी पाटावर ठेवा आणि मागच्या बाजूला पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं लावा. एवढ्याने खालची जाळी मोकळी होते. कूलिंग पॅड विकत घेण्याआधी हे करून बघा. आत वात अडकलेली असेल तर कितीही महाग पॅड काही करू शकत नाही.

गेममध्ये भाच्याने ग्राफिक्सचं 'स्केलिंग' ४०० टक्क्यांवर नेलं होतं, आरशात मागची गाडी स्पष्ट दिसावी म्हणून. त्यात कार्डाला स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त पिक्सेल काढावे लागतात. ते १०० वर आणलं, आरशांचं रिझोल्यूशन एक पायरी उतरवलं, फ्रेम ६० वर बांधल्या. एनव्हिडिया कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' आहे. शेवटचा हुकमी उपाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये: 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ करा. त्या एका टक्क्याने प्रोसेसरचा टर्बो (नेहमीपेक्षा वाढवलेला) वेग थांबतो आणि तापमान लगेच उतरतं. काही फ्रेम जातात, पण गेम एकसारखा चालतो. काही लॅपटॉपमध्ये ही ओळ लपवलेली असते. मे महिना संपला की परत १०० करायला विसरू नका.

विजेची भानगड खेड्यात जास्त. चोपड्याकडच्या एका मित्राचा डेस्कटॉप दिवसात दोनदा रीस्टार्ट व्हायचा, गेम चालू असो वा नसो. वेळ मांडली तर शेतीची थ्री फेज सुरू होण्याची. सगळ्या मोटारी एकदम लागल्या की घरातला पंखा मंदावतो. सॉकेटवर २३० ऐवजी १७० दिसले. इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर हा आकडा बघायला मिळतो, नाहीतर सॉकेटमध्ये लावायचा छोटा मीटर आणा. सवय नसेल तर मल्टिमीटरच्या सुया सॉकेटमध्ये घालू नका. त्याच्या कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसला, म्हणजे पॉवर सप्लायला, मागे लाल रंगाचं ११५-२३० चं बटण होतं. असा एसएमपीएस कमी व्होल्टेज फार सोसत नाही. लेबलवर '१००-२४०' असं लिहिलेला घेतल्यावर ते रीस्टार्ट थांबले.

इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच पीसी बंद पडत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे बघा. बहुतेकांना 'यूपीएस' आणि 'इको' असं बटण असतं. इकोवर असेल तर बदल व्हायला वेळ लागतो. पंख्याला-दिव्याला कळत नाही, पण एसएमपीएस विजेशिवाय साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. बटण यूपीएसवर करा. लॅपटॉपची बॅटरी धड असेल आणि तरी तो बंद पडत असेल, तर विजेचा पिच्छा सोडा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गेम बाजूला ठेवून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बादली-दोन बादली पाणी ओतायची आपल्याकडे रीत आहे ती याचसाठी.

आता खरोखर मॉडच दोषी असेल तर. भाच्याच्या एकोणीस फुल्यांत ती एक मॉडचीच होती. युरो ट्रकमध्ये डॉक्युमेंट्सच्या आत गेमच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात 'गेम.लॉग' ही फाईल. गेम पडल्यावर लगेच, पुन्हा सुरू करण्याआधी, ती नोटपॅडमध्ये उघडा आणि तळाकडून वर वाचा. 'एरर' लिहिलेल्या शेवटच्या ओळींत बहुधा मॉडचं किंवा त्यातल्या एखाद्या भागाचं नाव सापडतं. गेम अपडेट झाल्यावरच पडायला लागला असेल तर मॉड जुन्या आवृत्तीचा आहे. नवा मॉड येईपर्यंत स्टीममध्ये (गेम जिथून घेतो आणि चालवतो तो प्रोग्राम) गेमच्या 'बीटाज'मधून मागची आवृत्ती निवडता येते. काहीच सापडलं नाही तर निम्मे मॉड बंद करा. चालला तर दोषी बंद केलेल्यांत, पडला तर उरलेल्यांत, पुन्हा निम्मे. वीस मॉड असले तरी पाच फेऱ्यांत सापडतो. दोन मॉडचं आपसात जमत नसेल तर मात्र ही युक्ती फसते, तेव्हा त्यांचा क्रम बदलून बघावा लागतो.

नकाशाचा मॉड काढताना घाई नको. गाडी त्या नकाशातल्या गावात उभी असेल तर आधी मूळ गेममधल्या शहरात आणून लावा, तिथे सेव्ह करा, मग मॉड बंद करा. आणि काहीही करण्याआधी त्याच फोल्डरमधलं 'प्रोफाइल्स' पेनड्राइव्हवर कॉपी करा. दुकानात देण्याआधी तर नक्कीच. ज्या पोराने दोन वर्षं खपून काही उभं केलंय त्याच्यासाठी ते नुसतं फोल्डर नसतं.

मोबाईलवर बस सिम्युलेटर खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: चार्जिंगला लावून खेळू नका, जाड कव्हर काढा, स्क्रीन आपोआप मंद झाली तर तो तापलाय असं समजा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

बहिणीकडे आता एक रीत पडली आहे. व्यापाऱ्याची गाडी येते, कापूस भरला जातो, मग पुढची खोली झाडून पाण्याने धुतात. त्याच संध्याकाळी भाचा पाट मांडतो, कागदावर स्क्रूंच्या जागा काढतो आणि पंखा उघडतो. यंदा निघालेली पट्टी आगपेटीच्या काडीएवढी होती. त्याने फोटो पाठवला, सोबत दुपारी दोनचं तापमान: ८१.